‘हो पार्ट आता गावाचो नाय’ : जुन्या गाड्यांच्या तुकड्यांवर वाचकांची पत्रं

मागच्या अंकात जुन्या फियाटच्या डॅशबोर्डचं बटण घरच्या घरी कसं बनवलं ते लिहिलं होतं. त्यावर अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत पत्रं आली. सगळी छापायला जागा नाही म्हणून ज्यात चार जणांच्या कामाचं काही आहे तेवढी घेतलीत. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न (कणकवली) : माझी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे फियाटच) आहे, स्टिअरिंगवरचा गिअर. दांडा इतका खुळखुळायचा की गिअर पडला की नाही तेच कळायचं नाही. मेकॅनिकने हात वर केले, “हो पार्ट आता खंय गावाचो नाय,” म्हणजे कुठे मिळायचा नाही. मग दांड्याच्या जोडणीतला (लिंकेजमधला) जुना बुश, म्हणजे पिनवर बसणारी छोटी नळी, लेथवाल्याकडे नेला आणि नायलॉनचा तसाच दुसरा करून घेतला. उन्हाळ्यात तोही थोडा ढिलाच होता, आणि आता श्रावणात उलटंच झालंय, गिअर इतका जड की दोन्ही हातांनी ओढावा लागतो. एकच बुश ढिला पण आणि घट्ट पण कसा?

उत्तर : तुमचा प्रश्न मी सगळ्यात वर घेतला कारण हीच चूक मी स्वतः केलीय, वडिलांच्या गाडीवर, आणि तिच्यापायी दोन बुश फुकट घालवलेत.

आधी ढिलेपणा बघू. तुम्ही लेथवाल्याला जुना बुश दिलात आणि ‘सेम टू सेम’ सांगितलंत, त्याने इमानदारीत सेम टू सेम केला, म्हणजे चाळीस वर्षांची झीज पण सेम टू सेम आली. माझ्याकडचा बुश मी कॅलिपरने मोजला तेव्हा भोक एका बाजूने एक माप दाखवत होतं आणि बुश पाव फेरी फिरवून परत मोजलं तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त. भोक गोल राहिलेलंच नव्हतं, लांबट झालं होतं, कारण गिअर टाकताना जोर नेहमी एकाच दिशेने पडतो. आता यातलं खरं माप कुठलं? खरं सांगायचं तर दोन्ही नाहीत. बुशचं माप बुशवर नसतंच, ते पिनवर असतं. पिन बाहेर काढा, जिथे बुश घासतो तिथली चकाकी दिसेल, तिथे मोजू नका, टोकाला जिथे काहीच घासत नाही तिथे मोजा, ते कंपनीचं माप. बुशचं बाहेरचं माप पण असंच, तो ज्या घरात (खोबणीत) बसतो त्या घराचं घ्या. पिनच झिजून पायरी पडली असेल तर आधी पिन, मग बुश, नाहीतर नवा बुश सहा महिन्यांत परत लांबट.

आता पावसातला जडपणा, तो नायलॉनचा गुण आहे. नायलॉन पाणी पितं. ‘नायलॉन ६’ जातीचं साधं नायलॉन पाण्यात मुरू दिलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी ओढतं आणि फुगतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच अशी असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर गाडीखालच्या बुशची काय कथा. त्याच्याऐवजी ॲसिटल घ्या, प्लास्टिकच्या दुकानात डेल्रिन रॉड म्हणून मागा, नायलॉनसारखाच पांढरा किंवा काळा मिळतो. तो मुरून मुरून टक्काभरसुद्धा पाणी घेत नाही, आणि लेथवर कापायला नायलॉनपेक्षा सोपा, कीस सुटसुटीत निघतो. पिनपेक्षा भोक ०.०५ ते ०.१ मिलिमीटर मोठं ठेवायला सांगा, आणि भोक आधी थोडं लहान ठेवून बुश घरात दाबून बसवल्यावर शेवटी रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) मारा, कारण दाबला की आतलं भोक आवळतं.

आणि हो, जुना बुश टाकू नका. झिजलेला असला तरी त्याची लांबी, कॉलरची जाडी, ग्रीसची खाच हे सगळं त्यावरच आहे.

प्रश्न (दापोली) : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांच्या जीपसाठी कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर चोकची आणि लाइटची बटणं बनवली. दिसायला इतकी हुबेहूब की आजोबांच्या डोळ्यात पाणी आलं. मे महिन्यात लग्नाला गाडी नेली, दिवसभर उन्हात उभी होती, संध्याकाळी बटणं वाकडी होऊन लोंबत होती. डिझाइन चुकलं का?

उत्तर : नाही गं, डिझाइन बरोबर असणार, मटेरियल चुकलं. कॉलेजात बहुतेक पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात, स्वस्त आणि छापायला सोपं, पण ते ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या वर सहज जातो. पीईटीजी साधारण ८० पर्यंत तग धरतं, एबीएस आणि एएसए १०० च्या पुढे. गाडीसाठी मी एएसए सांगेन कारण ते उन्हाने पिवळं पडत नाही, ठिसूळ होत नाही. फक्त एबीएस, एएसए छापताना कडा उचलतात, तेव्हा प्रिंटरला चारी बाजूंनी बंद पेटी हवी, आणि वास येतो म्हणून खोली हवेशीर हवी.

दापोलीला समुद्राची हवा आहे तर प्रिंटरच्या प्लास्टिक तारेचं रीळ उघडं ठेवू नकोस. ओलं रीळ ओळखू येतं, नोझलमधून बारीक चुरचुर आवाज येतो आणि वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. पीईटीजी असेल तर ६५ अंशावर पाच-सहा तास वाळव आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेव.

अजून एक, बटणाच्या दांड्याचं भोक. छापलेली वस्तू थरांच्या रेषेवर फाटते, बटण उभं छापलं तर ओढल्यावर मान तुटून हातात येणार. आडवं छाप, आणि भोकात पितळेची छोटी नळी गरम करून दाबून बसव, स्क्रू तिच्यात घट्ट कर, प्लास्टिकात नको.

आजोबांना दुसरी जोडी नेऊन देण्याआधी ती एक दिवस डॅशबोर्डवर उन्हात ठेवून बघ.

प्रश्न (रत्नागिरी) : टेललाइटची लाल काच कुठेच मिळाली नाही म्हणून चांगल्या बाजूच्या काचेवरून सिलिकॉनचा साचा केला आणि पॉलियुरेथेन रेझिनमध्ये लाल रंग घालून ओतलं. तीन वेळा ओतलं, तिन्ही वेळा सोड्यासारखे बुडबुडे. दुकानदार म्हणतो, बाटली चांगलीच आहे.

उत्तर : तुमच्या पत्रावर तारीख ऑगस्टची आहे. पॉलियुरेथेनचा एक भाग आयसोसायनेट नावाचं रसायन असतो, त्याला पाणी मिळालं की दोघांची रिॲक्शन होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच तुमचे बुडबुडे. हवेतली ओल, साच्यात मुरलेली ओल, ढवळायच्या लाकडी काडीतली ओल, कुठूनही चालतं त्याला. एकदा झाकण उघडून ठेवलेली बाटलीसुद्धा पुढच्या वेळी फेस देते, म्हणजे दुकानदार पण खोटं बोलत नसेल.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, आपल्याकडे तेव्हाच हवा जरा कोरडी असते. थांबायचं नसेलच तर साचा ६० अंशावर तीन-चार तास तापवून थंड करून घ्या, लाकडी काडीऐवजी स्टीलचा चमचा वापरा, आणि नवी बाटली एकाच दिवशी संपेल एवढंच काम काढा. ओतल्यावर प्रेशर पॉटमध्ये (हवेच्या दाबाच्या बंद भांड्यात) ठेवलं तर उरलेले बुडबुडे दबून दिसेनासे होतात, पण त्याला तीन बारच्या आसपास दाब लागतो आणि घरचा कुकर एक बारचा असतो, त्याला कॉम्प्रेसर जोडायचा विचार कोणी मनातसुद्धा आणू नये. वाफ छातीला वाईट, रेझिनच्या वासासाठी असलेला कार्ट्रिजवाला मास्क घाला, कापडी मास्कने काही होत नाही.

साच्याला चकाकी पण कळते आणि ओरखडे पण कळतात. मूळ काच पॉलिश करून मगच साचा घ्या. आणि बसवल्यावर रात्री गाडीच्या मागे पन्नास पावलं चालत जाऊन दोन्ही लाइट बघा, रंग घट्ट झाला तर काच सुंदर दिसते पण उजेड बाहेर पडत नाही, आणि मागून येणाऱ्याला तेवढाच उजेड दिसणार असतो.

प्रश्न (चिपळूण) : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची अँबॅसेडर दीड दिवस पाण्यात होती. इंजिन, वायरिंग सगळं हळूहळू केलं. राहिलीत ती दाराची हँडलं. क्रोमखाली फोड आलेत, एक तर वेल्डिंगवाल्याने जोडायला घेतलं आणि त्याचा चक्क गोळा झाला.

उत्तर : पुरानंतर इतकी वर्षं त्या गाडीमागे उभे राहिलात, तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

ही हँडलं मझाकची असतात, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. ते ३८०-३९० अंशाला वितळतं, वेल्डिंगच्या ज्योतीपुढे त्याचा गोळा होणारच. ज्यांना नुसते बारीक फोड आहेत ती वाचतील. जुना क्रोम उतरवून, खड्डे घासून, आधी तांब्याचा जाड थर, तो पॉलिश, मग निकेल, मग क्रोम. प्लेटिंगवाल्याला तांब्याबद्दल आधीच स्पष्ट विचारा. माझी एक जोडी एकाने तांबं न देताच सरळ निकेलवर काढली, सहा महिन्यांत परत फोड, आणि दुसऱ्यांदा घासायला धातूच उरला नव्हता.

जे गेलंय ते पितळेत ओतून घ्या. त्यासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचा नमुना, लागतो, आणि इथे आपलं नशीब चांगलं, सावंतवाडीत लाकडी खेळणी करणारे हात अजून आहेत. खेळण्यांना ते पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरतात, पॅटर्नला मात्र शिवण किंवा साग मागा, कडा टिकतात. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, म्हणजे हँडल १०० मिलिमीटरचं हवं तर पॅटर्न १०१.५ चा, आणि चौकोनी दांड्याचं भोक ओतकामात ठेवूच नका, नंतर ड्रिल करून कानशीने चौकोन काढा. ओतकामाला कोल्हापूर, तिथल्या फाउंड्रीत चार हँडलांसाठी कोणी उभं करणार नाही असं वाटतं, पण पॅटर्न तयार नेला आणि दुसऱ्याच्या पितळेच्या घाणात आपलंही ओतून घ्यायची तयारी ठेवली तर काम होतं. चारच कशाला, चिपळुणात अजून कोणाची अँबी असेल तर आधी विचारा, पॅटर्न एकदाच करायचाय.

बसवताना स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, होड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. ३०४ ला खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. ग्रीस लावून बसवा.

प्रश्न (अलिबाग) : पेट्रोल फिल्टरच्या काचेच्या वाटीखालचं वायसर सायकलच्या ट्यूबमधून कापून घातलं, आठवड्यात फुगून बाहेर आलं. दुसरं कुठलं रबर कापू? ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबरी कप पण इथे एक जण बनवून देतो, घ्यावेत का?

उत्तर : ट्यूबचं रबर पेट्रोलने फुगतंच. पेट्रोलला नायट्राइल रबर लागतं, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं तेव्हा परवडत असेल तर व्हायटन रबर, महाग आहे पण एवढ्याशा वायसरला कितीसं लागतं. ब्रेक ऑइलचं गणित वेगळं, डॉट ३, डॉट ४ ला नायट्राइल चालत नाही, तिथे ईपीडीएम रबर.

पण ब्रेकचे कप घेऊ नका. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यातलं काहीही घरगुती किंवा ओळखीतल्या माणसाने केलेलं वापरू नका. सिलिंडरच बदलावा लागला, दुसऱ्या गाडीचा जुळवून बसवावा लागला, गाडी वर्षभर उभी राहिली तरी चालेल.

प्रश्न (वेंगुर्ला) : गेल्या सहा वर्षांत मी माझ्या फियाटच्या अकरा बारीक भागांची ड्रॉइंग केली. काच फिरवायच्या हँडलची चकती, बॉनेटच्या दांडीची क्लिप असलं सगळं. मुंबई-पुण्याहून लोक मागतात, मी देत आलो. मागच्या वर्षी कळलं की एक जण माझ्याच फाइलवरून चकत्या छापून भरमसाट भावाने विकतोय. तेव्हापासून देणं बंद केलं. चूक केली का?

उत्तर : राग येणारच, आणि तुमचा राग मला पटतो. तरी माझं म्हणणं आहे की द्या. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, तो बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी पण ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्या होत्या तोवर त्यांच्यासाठी कोणीतरी भाग बनवत होतं, आता ते गिऱ्हाईकही गेलं. तुमच्या अकरा ड्रॉइंगांची दुसरी प्रत कुठे आहे? लॅपटॉपवर बहुतेक, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लॅपटॉप किती वर्षं टिकतो ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे जुन्या भाताचं बी एका घरात ठेवत नाहीत, चार घरांत देऊन ठेवतात, एकाच्या कणगीला कीड लागली तर दुसऱ्याकडून आणता येतं. ड्रॉइंगचं मी तसंच धरतो.

पण देताना नीट द्या. नुसती एसटीएल फाइल (प्रिंटरला द्यायची तयार आकाराची) दिलीत की घेणाऱ्याला माप बदलता येत नाही, आणि त्याची गाडी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी जुनी असली की तो चकती कानशीने घासत बसतो. स्टेप फाइल (मापं बदलता येणारी) द्या, सोबत मापं लिहिलेलं साधं ड्रॉइंग, आणि त्यावर लिहा की कुठल्या सालच्या गाडीवर बसवून बघितलं, कुठलं माप जोडीच्या भागावरून घेतलं आणि कुठलं तुटक्या तुकड्यावरून अंदाजाने. कशात बनवलं होतं, किती महिने टिकलं, आणि मोडलं तर कुठे मोडलं. हे मोडलेलं लोक लिहीत नाहीत, लाज वाटते, पण मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झालाय. एकाने बॉनेटच्या क्लिपसोबत “दुसऱ्या पावसाळ्यात वळणावर तडा गेला” एवढंच लिहिलं होतं, मी वळणाला दोन मिलिमीटरची गोलाई दिली आणि माझी पाचव्या पावसाळ्यात आहे.

विकणाऱ्याचं काय करायचं? फाइलवर तुमचं नाव टाका आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं ‘विक्रीसाठी नाही’ असलेलं लायसन्स जोडा. कोर्टात कोण जातंय, पण निदान कोणी विकत असेल तर चारचौघांत नाव घेऊन विचारता येतं. आणि तुम्ही स्वतः कोणाला चकती बनवून दिलीत तर मटेरियलचे आणि वेळेचे पैसे जरूर घ्या, त्यात संकोच नको.

कंपनीच्या हक्काची भीती पण तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलीय. २००० च्या डिझाइन कायद्यात नोंदवलेल्या डिझाइनला जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण, तेव्हा सत्तरच्या दशकातल्या चकतीच्या आकारावर आता तसा हक्क नाही. ट्रेडमार्क वेगळा, तो दर दहा वर्षांनी वाढवत नेता येतो. म्हणून कंपनीचं चिन्ह फाइलमध्ये काढू नका, ती जागा गुळगुळीत सोडा. आपल्या भागावर आतल्या बाजूला बारीक खूण मात्र करा, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी गाडी उघडली तर त्याला कळेल मूळचा कुठला आणि नंतरचा कुठला.

प्रश्न (देवगड) : असे बनवलेले भाग लावले तर व्हिंटेज नोंदणी मिळेल का?

उत्तर : बटणं, बुश, हँडलांनी अडत नाही. जुलै २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको असं आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, परत नोंदणीची ५,०००, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र ती गाडी मग रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुम्ही लिहिलंय की आंब्याच्या दिवसांत पेट्या स्टँडवर तिनेच नेता, तर आहे तोच नंबर ठेवा.

प्रश्न (सावंतवाडी) : माझे बाबा चाळीस वर्षं टर्नर होते, आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांची एक वही आहे, गावातल्या सगळ्या जुन्या गाड्यांसाठी केलेल्या भागांची मापं तीत आहेत. पण सगळं सुतात आणि थाऊमध्ये, आणि शब्द तोडून तोडून लिहिलेले. मिलिमीटर करून टाइप करून ठेवू का? एका पानाचा फोटो पाठवतेय.

उत्तर : ताई, टाइप नंतर करा, आधी प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, कारण मधल्या आकृत्या पण कामाच्या आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत करा, कडेला वाळवीची माती दिसतेय फोटोत. मूळ आकडे खोडू नका, मिलिमीटर बाजूला वेगळ्या रकान्यात लिहा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर, आणि एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा, ०.०२५४.

मग बाबांजवळ बसा आणि एकेक ओळ वाचून दाखवा, मोबाइलवर रेकॉर्ड करत. तोडलेले शब्द त्यांच्याशिवाय कोणी सोडवू शकणार नाही. तुम्ही पाठवलेल्या पानावर तिसऱ्या ओळीत लिहिलंय, “फि. गि. बु. – पिन + ३ थाऊ.” मला वाटतं हे ‘फियाट गिअर बुश’. तसं असेल तर बाबांनी बुशचं माप लिहिलेलंच नाही, पिनवरूनच धरलंय, वर कणकवलीच्या वाचकांना जे सांगितलं तेच. एवढं त्यांना विचारून मला कळवाल का, ते ३ थाऊ बुश दाबून बसवण्याआधीचे आहेत की रीमर मारल्यानंतरचे?